आधी खोकला ओळखा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरली आणि थंडी पडू लागली की घरोघरी खोकला सुरू होतो. मग पातेलंभर काढा उकळतो आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना तोच पाजला जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे, की काढा चुलीवर ठेवण्याआधी खोकला नीट ऐका. चरकसंहितेत खोकल्याचे पाच प्रकार आहेत. आपल्याला घरी कोरडा आणि ओला एवढे दोन ओळखता आले तरी पुष्कळ झालं.

कोरड्या खोकल्यात ढास लागते, बरगड्या दुखतात, पण कफ काही सुटत नाही. अशा घशाला सुंठ-मिऱ्यांचा जहाल काढा दिला, तर आग वाढते. त्याला हवा ओलावा. ज्येष्ठमधाचा तुकडा दाढेखाली धरावा, रस हळूहळू गिळावा. रक्तदाब असलेल्यांनी मात्र ज्येष्ठमध रोज घेऊ नये. सितोपलादी चूर्ण पाव चमचा तुपात कालवून चाटावं. त्यात खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडे 2 आणि दालचिनी 1 भाग असते. मधुमेह असेल तर ही साखर लक्षात ठेवा.

छाती घरघरत असेल, कफ पडत असेल, तर सुंठ आणि मध. आणि अडुळसा! गावाकडे कुंपणालाच असतो. त्याची पानं कच्ची वाटली तर रस फारसा निघत नाही. म्हणून धुऊन, मोदकांसारखी उकडून घ्यावीत, मऊ पडली की ठेचून फडक्यातून पिळावीत. हिरवट, कडूजार रस निघतो. तो निवल्यावर चमचाभर घेऊन तेवढाच मध घालावा. मध गरम रसात घालू नये. गरोदर बायकांनी अडुळसा टाळावा.

आता ताटाकडे वळू. कफ असताना रात्रीचं दही, केळं, फ्रिजमधलं पाणी आणि उरलेला तळकट फराळ बंद. कुळथाचं पिठलं, ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी चालेल. कोरड्या खोकल्याला मऊ भात, वर साजूक तूप, मुगाचं कढण. जेवण लवकर, आणि जेवल्याबरोबर आडवं होऊ नका. घशाशी येणाऱ्या आंबटानंसुद्धा रात्री ढास लागते.

वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो. गोळी आपल्या मनानं थांबवू नका, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील. बाळाला धाप लागली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, किंवा कोणाच्याही थुंकीत रक्त दिसलं, तर घरच्या औषधात तासभरही घालवू नका. आणि खोकला 2 आठवडे टिकला, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची ही तपासणी आणि उपचार, दोन्ही तिथे मोफत होतात.

नमस्कार.