गोळी आत शिरल्यावर

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, हस्तिदंतांची रास)

वॉल्टर डॅल्रिम्पल मेटलंड बेल. जन्म १८८०, स्कॉटलंडचा माणूस. युगांडातल्या करामोजा मुलखात हस्तिदंतासाठी वर्षानुवर्षं हिंडला, म्हणून ‘करामोजो बेल’. त्यानं हजाराहून जास्त हत्ती मारले. हा आकडा आज ऐकताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. पण बंदुकांचे अभ्यासक त्याचं नाव घेतात ते दुसऱ्याच कारणानं. यातले बहुतेक हत्ती त्यानं सात मिलिमीटरच्या माउझर काडतुसानं पाडले. गोळीचं वजन १७३ ग्रेन, म्हणजे जेमतेम ११ ग्रॅम. युरोपात ज्या काडतुसानं हरणं मारत, त्यानं हा पाच-सहा टनांचं जनावर खाली बसवायचा.

(दृश्य: हत्तीच्या कवटीचा उभा छेद)

बेलनं हत्तीची कवटी कापून आतली रचना नीट पाहिली होती. बाहेरून अवाढव्य दिसणारं ते डोकं आतून बरंचसं पोकळ असतं, जाळीदार हाडाचं. मेंदू त्यात खूप मागे आणि खाली दडलेला. कुठल्याही कोनातून तिथवर सरळ पोचेल अशी गोळी त्याला हवी होती. त्याची गोळी लांबट, गोल नाकाची, पूर्ण कठीण कवचाची होती. हाडावर आपटून ती फुलायची नाही, वाकायची नाही, वाट सोडायची नाही.

इथे थोडं गणित करू. गोळीचं वजन पौंडात घ्यायचं आणि तिच्या व्यासाच्या, इंचातल्या, वर्गानं भागायचं. व्यासाच्या मानानं गोळीच्या मागे किती वजन आहे, ते या आकड्यातून कळतं. बेलच्या गोळीचा आकडा येतो ०.३०६. आता आफ्रिकेतलं सर्वांत विश्वासाचं काडतूस घ्या, लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडनं १९१२ साली आणलेलं .३७५ मॅग्नम. त्याच्या ३०० ग्रेनच्या गोळीचा आकडा ०.३०५. म्हणजे खोल शिरण्याच्या बाबतीत बेलची चिमुकली गोळी दिसते तेवढी चिमुकली नव्हती.

तरीही बेलची रायफल घेऊन आज कुणी नामिबियात हत्तीच्या मागे गेला, तर त्याला परवानगी मिळणार नाही. तिथला कायदा गोळी नळीतून सुटतानाची किमान ऊर्जा ठरवून देतो. स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणाला १३५० ज्यूल. कुडू, ओरिक्स, इलंड या मोठ्या हरणांना २७००. हत्ती आणि रानरेड्याला ५४००. बेलची रायफल २७०० च्या आसपास थांबते. मला हा कायदा रास्त वाटतो. बेलसारखा नेम आणि बेलसारखं थंड डोकं गृहीत धरून नियम करता येत नाहीत. नियम करायचा तो विमानानं आलेल्या, छाती धडधडणाऱ्या पाहुण्या शिकाऱ्यासाठी.

(दृश्य: सकाळचं उघडं माळरान, दूर नू या आफ्रिकी हरणांचा कळप)

माळरानावरच्या शिकारीत प्रश्न उलटा होतो. इम्पाला हरीण पन्नास-साठ किलोचं, कुडूचा नर अडीचशेच्या घरातला. इथे आरपार भोक पाडणारी कडक गोळी कामाची नाही. जनावर तसंच दोन-तीन किलोमीटर पळतं आणि काटेरी झुडपांत हाल होऊन मरतं. इथे गोळी फुलायला हवी, म्हणून तिच्या टोकाचं शिसं उघडं ठेवतात. ही कल्पना एका काळी युद्धातही वापरली गेली. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात ब्रिटिश सैन्यासाठी अशा गोळ्या तयार झाल्या, आणि १८९९ च्या हेग परिषदेत फुलणाऱ्या गोळ्या युद्धातून बाद झाल्या. शिकारीत मात्र, जनावर लवकर मरावं म्हणून, तीच गोळी लागते.

फुलण्यालाही मर्यादा हवी. पातळ कवचाची, हलकी, भलत्या वेगाची गोळी जवळून खांद्याच्या हाडावर बसली, की तिचा चुरा होतो. वर मोठी जखम दिसते आणि फुप्फुसं शाबूत राहतात. जॉन नोस्लर या अमेरिकी शिकाऱ्याला १९४६ मध्ये कॅनडात हाच अनुभव आला. चिखलानं माखलेल्या मूस या अवाढव्य हरणावर त्याच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या. परत जाऊन त्यानं गोळीच्या पोटात तांब्याचा आडवा पडदा ठेवला: पुढचं शिसं अळंबीसारखं पसरेल, पडद्यामागचं वजन ढकलत राहील. १९४८ पासून ‘पार्टिशन’ नावानं ही गोळी विकली जाते, आणि आफ्रिकेच्या माळावर ती आजही चालते. पुढे शिसं कवचाला वितळवून चिकटवलेल्या गोळ्या आल्या, मग शिसं पूर्ण काढून टाकलेल्या, अख्ख्या तांब्याच्या. तांब्याची गोळी क्वचितच फुटते. पण वेग फार उतरला तर ती उघडतही नाही, त्यामुळे फार लांबच्या बाराला ती घेताना विचार करावा.

नूच्या बाबतीत एक फसवी गोष्ट आहे. त्याच्या खांद्यावरचा उंचवटा आणि आयाळ बघून छाती वाटते त्याहून वर असल्याचा भास होतो. हृदय असतं खाली, पुढच्या पायांच्या मधोमध. नवखा माणूस वर मारतो, जनावर जायबंदी होऊन कळपात मिसळतं. आफ्रिकेतला रिवाज असा, की रक्ताचा थेंब सांडला तर जनावर सापडो न सापडो, पैसे पूर्ण भरायचे.

(दृश्य: पाणवठ्यावर रानरेडे)

रानरेड्यापाशी दोन्ही गरजा एकत्र येतात. सहाशे-सातशे किलोंचा नर, जाड कातडं, भक्कम खांदा. पहिला बार बहुधा मऊ टोकाच्या, चिकटवलेल्या शिशाच्या गोळीचा. .३७५ असेल तर ३०० ग्रेन. कडक गोळी पहिल्यांदा का नको? ती या रेड्यातून निघून मागच्या म्हशीत शिरते, आणि मग झाडीत दोन जखमी जनावरं शोधायची. पण पहिल्या बारानंतर रेडा वळून पळू लागला, की शिकाऱ्यापुढे उरतो त्याचा पार्श्वभाग. तिथून छातीपर्यंतच्या वाटेत ओल्या, चावलेल्या गवतानं ठासून भरलेलं पोट असतं. फुललेली गोळी त्यातच अडकते. म्हणून अनेक जण मॅगझिनमध्ये वर मऊ गोळी आणि तिच्याखाली घन, म्हणजे न फुलणाऱ्या कडक गोळ्या भरतात.

घन गोळीतही नाकाचा आकार बघावा लागतो. गोल नाकाची गोळी हवेत सुरेख जाते, पण मांस हवेच्या शेकडो पट दाट. तिथे नळीनं आतल्या खाचांतून दिलेली गिरकी अपुरी पडते, आणि वेग उतरला की गोळी कोलांटी खाऊन वाट सोडते. सपाट नाकाची पितळी गोळी मांस बाजूला फेकत पुढे जाते आणि सरळ राहते. जुन्या शिकाऱ्यांच्या हातात ही असती तर, असं कधी कधी मनात येतं. मग बेलचा आकडा आठवतो आणि नव्हती तेच बरं वाटतं.

(दृश्य: मृत जनावराभोवती पांढऱ्या पाठीची गिधाडं)

गोळीचं काम जनावर पडल्यावर संपत नाही. फुललेल्या शिशाचे बारीक कण आतड्यांत राहतात, आतडी माळावर टाकली जातात, आणि गिधाडं ती खातात. बोत्सवानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या रक्तात शिशाचं वाढलेलं प्रमाण आढळलं आहे. कॅलिफोर्नियात कॉन्डर गिधाडांच्या काळजीनं २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण मनाई आहे. तांब्याच्या गोळीच्या बाजूनं मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा हाच.

(दृश्य: जुनी दुनळी रायफल, नळ्यांवरचे ठसे)

एक बंदूक मात्र हे काही ऐकत नाही: इंग्लंडात घडलेली जुनी दुनळी. तिच्या .४७० काडतुसाचं नातं थेट भारताशी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारनं भारतात आणि सुदानमध्ये .४५० व्यासाच्या बंदुकांवर बंदी घातली. त्याच व्यासाच्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी बंडखोरांना दारूगोळा मिळेल ही भीती. लंडनच्या बंदूककारांनी मग थोडे वेगळे व्यास शोधले, आणि भारतातल्या गिऱ्हाइकांसाठी निघालेलं .४७० आफ्रिकेत हत्ती-रेड्यांचं नामांकित काडतूस झालं. भारतातली हौसेची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनं थांबली. ते काडतूस तिकडे अजून चालतं.

अशा दुनळीच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक वजनाच्या आणि वेगाच्या गोळीसाठी जुळवून बसवलेल्या असतात. गोळी बदलली, की डाव्या-उजव्या नळीचे बार एकमेकांपासून लांब पडू लागतात. चाचणीचा ठसा नळीवरच असतो: ७५ ग्रेन कॉर्डाइट (बंदुकीची दारू), ५०० ग्रेन गोळी. त्यात कडक, अखंड पितळी गोळी घालायला जाणकार सहसा धजत नाहीत, कारण पातळ नळीच्या आतल्या खाचांवर ताण येतो. ते शिशाच्या गाभ्याच्या, जुन्या घडणीच्या गोळ्या शोधत राहतात, आणि मिळाल्या की वर्षांची बेगमी करून ठेवतात.