टूरिंग बाईकची विंडशील्ड किती उंच हवी?

नमस्कार मंडळी. वारा लागतोय म्हटलं की बहुतेक जण दुकानातली सगळ्यात उंच काच उचलतात. छातीवरचा वारा थांबतोही, पण कित्येकदा हेल्मेट आधीपेक्षा जास्त गदगदा हलायला लागतं. असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे उंची ठरवणं सोपं जाईल.

काच वाऱ्याला वर उचलून देते. तिच्या वरच्या कडेवरून वारा सुटतो आणि काचेमागे हवेचा दाब कमी होतो. वरचा वेगवान वारा आणि आतली संथ हवा जिथे एकमेकींना घासतात, तिथे भोवऱ्यांचा पट्टा तयार होतो. तो पट्टा हेल्मेटवर आला की हादरे बसतात, समोरचा रस्ता थरथरताना दिसतो आणि मान आखडते. काच उंच केली की पट्टाही वर सरकतो, आणि आधी खांद्यावर आपटणारे भोवरे थेट डोक्यावर येऊ शकतात.

आता मोजमाप. यात घाई करू नका, सगळी गंमत इथेच आहे. टाकी भरा, सामान लावा, नेहमीचं जॅकेट आणि हेल्मेट घाला. मागे कुणी बसणार असेल तर त्यांनाही बसवा, कारण मागचं सस्पेन्शन दबलं की बाईक मागे कलते आणि काचेची कड नजरेत वर येते. बाईक साईड स्टँडवर नको, कुणाला तरी सरळ धरायला सांगा. आणि ताठ बसू नका. दोन तास चालवल्यावर पाठ जशी सैल पडते, तसे बसा.

पुढच्या चाकापासून 15 मीटरवर जमिनीवर एक खूण करा आणि तिच्याकडे बघा. मदतनीसाने एक पुठ्ठा काचेला टेकवून तिच्या उताराच्या रेषेत हळूहळू वर सरकवायचा. पुठ्ठ्याने खूण झाकायला सुरुवात केली, की तिथे थांबा. काचेची वरची कड या जागेच्या 3 ते 5 सेंटिमीटर खाली हवी. साधारण नाकाच्या शेंड्याची पातळी येते. काच कमी पडत असेल तर फरक उतारावरच मोजा. सरळ उभा मोजलात तर नवी काच आखूड येईल.

डोळ्यांच्या खाली काच असेल तर वारा तोंडावर येणार नाही का? सहसा नाही. कडेवरून सुटलेला वारा आणखी वर चढतो आणि हेल्मेटवरून निघून जातो. काचेतून बघावं लागणं मात्र धोक्याचं आहे. तिला वायपर नसतो. पावसाचे थेंब, चिकटलेले किडे, आणि रात्री समोरच्या हेडलाइटचा प्रकाश बारीक ओरखड्यांवर फाकतो, तेव्हा वळणावरचा खड्डा दिसतच नाही.

नवी काच घेण्याआधी आहे त्या काचेवर एक चाचणी करा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगात थोडं खाली वाका. आवाज आणि हादरे थांबले, तर काच 4-5 सेंटिमीटर उंच हवी. उलट, सीटवरून जरा उठल्यावर डोकं शांत झालं, तर काच आखूड करायला हरकत नाही. खांद्यांना वारा लागेल, पण हेल्मेटवर भोवरे नसलेली, सरळ हवा येईल. लांबच्या प्रवासात हा सौदा फायद्याचा ठरतो असं आमचं ठाम मत आहे. दोन्हीने फरक पडला नाही, तर वारा बहुधा खालून, फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) आणि टाकीच्या मधून येतोय. त्याला खालचे छोटे डिफ्लेक्टर, म्हणजे वारा बाजूला वळवणाऱ्या पट्ट्या, लागतात. काच बदलून उपयोग नाही.

पाठीमागून कुणी ढकलतंय असं वाटतं का? तो काचेमागच्या कमी दाबाचा परिणाम. काचेच्या खालच्या बाजूच्या स्क्रूंना लांब स्पेसर (काच पुढे धरणाऱ्या नळकांड्या) टाकून 1-2 सेंटिमीटर फट ठेवा, आतून थोडी हवा येऊ द्या. कोनही बदलून बघा. काच उभी केली की वारा जास्त वर जातो, त्यामुळे कधीकधी नवी काच लागतच नाही.

काच थेट हँडलवर बसवलेली असेल तर फार मोठी घेऊ नका. वाऱ्याचा सगळा जोर हँडलवर येतो आणि जास्त वेगात पुढचं चाक डुलायला लागू शकतं.

कापून आखूड करणार असाल तर दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, बारीक दातांचं पातं वापरा आणि एका वेळी 1 सेंटिमीटरच कापा. प्रत्येक वेळी चालवून बघा. अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिक ठिसूळ असतं, घाई केली की तडकतं. पॉलीकार्बोनेट हे प्लास्टिक चिवट असतं, पण ओरखडे रोखणारं कोटिंग नसेल तर पटकन ओरखडतं.

बसवताना रबरी नट आणि नायलॉन वॉशर हवेतच. सगळे स्क्रू आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. वॉशर जरा दबला की बास. स्क्रू सैल होऊ नये म्हणून थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा द्रव गोंद) लावू नका. ते प्लास्टिकला लागलं की भोकांभोवती बारीक तडे जातात. काच पुसताना पेट्रोलही तेच करतं, म्हणून किडे काढायला ओलं फडकं दहा मिनिटं काचेवर ठेवा आणि मग अलगद पुसा.