झेड घेतलास का रं?

(दृश्य : सकाळ. शेडचं शटर वर जातं. उन्हाच्या तिरिपेत लाकडाचा भुसा तरंगतोय.)

सांगली, मिरज आणि कुपवाड. तिघांची महानगरपालिका एक, तऱ्हा मात्र तीन. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या या शेडमध्ये दारं होतात, देव्हाऱ्याच्या कमानी होतात, किचनची शटरं होतात. आठ बाय चार फुटांचा बेड आणि त्यावर फिरणारा सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या हुकमानं लाकूड कोरणारं मशीन. आणि दिवसभर कानावर पडणारा एकच प्रश्न : "झेड घेतलास का रं?"

झेड म्हणजे मशीनची वर-खाली दिशा. विचारणारे दादा. उत्तर देणारा पोरगा हातात पाना घेऊन उभा.

स्पिंडल, म्हणजे मशीनचा गरगरणारा माथा, किती खाली आला, हे मशीनला पक्कं ठाऊक असतं. स्पिंडलच्या तोंडात धरलेलं बिट, म्हणजे कापणारं हत्यार, किती लांब आहे, ते मात्र त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणं म्हणजेच टूल लेन्थ ऑफसेट. शेडमध्ये कुणी एवढं लांब नाव घेत नाही. 'हाईट घे' म्हणतात.

(दृश्य : बेडच्या कोपऱ्यातला, बिटची उंची मोजायचा सेटर, अगदी जवळून. पोरगा फुंकर मारून भुसा उडवतो.)

एक नंबरचं बिट, सहा एमएमचं सरळ कापणारं एंडमिल, हळूहळू खाली येतं. सेटरला टेकतं. स्क्रीनवर उणे ८२.४०. मशीनचा शून्य वर, होमला, म्हणजे स्पिंडलच्या सगळ्यात वरच्या जागी. त्यामुळे खालचे सगळे आकडे उणे. आता टोकदार व्ही-बिट. ते टेकलं उणे ७४.१५ वर. आधी टेकलं, म्हणजे लांब. किती? ८.२५ एमएम. हा आकडा मशीनच्या कंट्रोलरमधल्या टेबलात दोन नंबरच्या ओळीत गेला. प्रोग्रॅममध्ये जी४३ एच२ (दोन नंबरची लांबी धर, असा हुकूम) आलं की कंट्रोलर ती ओळ वाचतो आणि स्पिंडल तेवढा वर ठेवून चालवतो. जी४९ आलं की सोडून देतो. डिझाइनवरून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोस्ट प्रोसेसरने जी४३ टाकलंच नाही, तर टेबल भरून ठेवलेलं असूनही कोरडंच.

जॉबचा, म्हणजे कोरायच्या लाकडाचा, झिरो वेगळा. नवीन पोरं गोंधळतात ती इथंच. लाकडाचा वरचा पृष्ठभाग कुठं आहे, हे एक नंबरच्या बिटने एकदाच घ्यायचं. पुढं लाकूड तेच राहतं, बदलतं ते बिट. म्हणून पुढं फक्त फरक सांगायचा. टच प्लेट (बिट टेकलं की मशीनला कळवणारी पट्टी) जॉबवर ठेवून प्रत्येक बिटला नव्यानं झिरो घेता येतं, पण पहिल्या बिटने वरचा थरच खाल्ला असेल तर प्लेट ठेवणार कुठं? म्हणून सेटर कोपऱ्यात, स्क्रूने घट्ट.

(दृश्य : भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं एक शटर. दादा ते फिरवतात.)

हे शटर १८ एमएम एमडीएफचं, म्हणजे लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या फळीचं. ९० अंशाच्या व्ही-बिटने दोन एमएम खोल रेघ मारायची होती. अशा बिटची रेघ खोलीच्या दुप्पट रुंद होते, म्हणजे चार एमएम. बिट बदललं, हाईट घ्यायची राहिली. बिट गेलं १०.२५ खोल. रेघ झाली वीस एमएमच्या वर रुंद. वेल कोरायची होती, नांगरट झाली. दादा त्यावर काही बोलत नाहीत. शटर पुन्हा भिंतीकडे फिरवतात.

उलटं झालं असतं, बिट आखूड असतं, तर ते हवेतच फिरत राहिलं असतं. लाकूड वाचलं असतं, नुसता वेळ गेला असता.

टेबल एकदा भरलं की काम संपलं, असंही नाही. बिट आपोआप बदलणाऱ्या एटीसी मशीनवर बिट होल्डरसकट निघतं, होल्डरसकट बसतं, लांबी टिकते. इथं बिट आवळून धरणाऱ्या कोलेटचा नट पान्याने सोडायचा, बिट हाताने सरकवायचं, पुन्हा आवळायचं. हातानं बसवलेलं बिट दरवेळी तेवढंच बाहेर राहील कशावरून? बिट निघालं की आकडा मेला.

(दृश्य : सागवानी फळी. व्ही-बिटच्या टोकाखाली झेरॉक्सच्या कागदाची पट्टी.)

जॉबवरचा झिरो दादा अजून कागदानेच घेतात. स्पिंडल बंद. हँडलवर एकेक शतांश एमएम खाली. दुसऱ्या हाताने पट्टी पुढंमागं. मिरजेत तंबोरा लावताना तारेखाली सुताचा दोरा असाच सरकवतात. एका जागी आवाज उघडतो. इथं एका जागी कागद अडतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कुपवाडच्या या कागदाला कोण देणार!

कागद अडला. पोरगा झेड शून्य करतो, पट्टी काढतो. स्पिंडल सुरू होतो, वाफाळल्यासारखा भुसा उडतो, सागाचा वास पसरतो. दोन एमएम खोल पहिली रेघ पुरी होते.

दादा रुंदी मोजायला व्हर्नियर लावतात. चार यायला हवे होते. आलेत ३.८.

दादा पोराकडं बघतात. "कागद वजा केलास का रं?"

पोरगा जीभ चावतो. कागदाची जाडी साधारण ०.१ एमएम.