तोफा थंडावल्यानंतरची बंदी

मित्रहो, या सभागृहातून पायी निघालात तर हॉर्निमन सर्कल फार लांब नाही. पूर्वीचं ते एल्फिन्स्टन सर्कल. बी. जी. हॉर्निमन हे 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. जातीचे इंग्रज, पण रौलट कायद्याच्या विरोधात गांधीजींच्या बाजूनं ठाम उभे राहिले. एप्रिल 1919 मध्ये सरकारनं त्यांना उचललं आणि बोटीत बसवून विलायतेला धाडलं. खटला नाही, सुनावणी नाही. कायदा कोणता लावला? 1915 चा भारत संरक्षण कायदा, महायुद्धासाठी केलेला. युरोपातल्या तोफा तर नोव्हेंबर 1918 मध्येच थंडावल्या होत्या! हॉर्निमन मुंबईत परतले तेव्हा 1926 साल उजाडलं होतं.

माझी खरी तक्रार इथेच आहे. युद्धासाठी म्हणून आणलेली बंदी युद्ध संपलं तरी मुक्काम हलवत नाही. डिसेंबर 1971 मध्ये बांगलादेश युद्धासाठी पुकारलेली आणीबाणी लढाई दोन आठवड्यांत संपूनही उठली नाही. जून 1975 मध्ये तिच्यावर दुसरी आणीबाणी चढली, सेन्सॉर आला, आणि पहिली उठायला मार्च 1977 उजाडला. त्या काळात संपादक मिनू मसानींनी आपल्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचा सेन्सॉरनं कापलेला मजकूर घेऊन मुंबई उच्च न्यायालय गाठलं. फेब्रुवारी 1976 मध्ये, ऐन आणीबाणीत, न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांनी सेन्सॉरविरुद्ध निकाल दिला. या शहरानं त्याचा अभिमान बाळगावा.

सगळीच बंधनं चुकीची, असं मी म्हणणार नाही. 26/11 ला ताजबाहेरचं थेट प्रक्षेपण पाकिस्तानात बसलेले सूत्रधार पाहत होते आणि आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. कमांडो कुठून उतरताहेत हे तेव्हा दाखवणं गुन्हाच होता. सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये वाहिन्यांना त्यावरून खडसावलं, ते योग्यच झालं. पण ते बंधन कशावर आहे हे कुणालाही कळतं: चालू कारवाईचं चित्रण. कारवाई संपली की तेही संपतं.

आता मे 2025 पाहा. 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत एक्सला आठ हजारांहून जास्त खाती रोखायला सांगितलं गेलं. बहुतेक खात्यांच्या बाबतीत नेमकी कोणती पोस्ट आक्षेपार्ह, हे सांगितलंच नाही, असं कंपनीनं जाहीरपणे म्हटलं. 9 मे रोजी 'द वायर' हे बातम्यांचं संकेतस्थळ रोखलं गेलं. त्याच सुमारास कराची बंदर बेचिराख झाल्याची साफ खोटी बातमी काही वाहिन्या छातीठोकपणे देत होत्या, आणि त्या चालूच राहिल्या. 10 मेला शस्त्रसंधी झाली.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खालचे असे आदेश नियमानुसार गोपनीय असतात. ज्याचा आवाज बंद केला, त्याच्याच हाती आदेशाची प्रत नसेल तर त्यानं न्यायालयात दाखवायचं काय? मसानींना कापलेला मजकूर तरी न्यायमूर्तींपुढे ठेवता आला होता. म्हणून मागणी साधी आहे: आदेश लेखी हवा, त्यात कारण हवं, शेवटची तारीख हवी, आणि तो संपादकाच्या हाती पडायला हवा.