पेटीतलं वाचनालय

(पडद्यावर: बडोदा संस्थानाची जुनी छायाचित्रं, गावातली शाळा)

1893. अमरेली तालुक्यातल्या 10 गावांत एक नवलाचा हुकूम निघाला. मुलांनी शाळेत यायचं, मुलींनीही यायचं. फी नाही, पण सक्ती आहे. हुकूम होता सयाजीराव गायकवाडांचा. 1906 मध्ये तो साऱ्या बडोदा संस्थानाला लागू झाला. ब्रिटिश अंमलाखालच्या मुलखासाठी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी असाच कायदा मागितला, तेव्हा 1912 मध्ये तो फेटाळला गेला. त्यावरून बडोदा किती पुढे होतं, याचा अंदाज यावा.

पण शाळा काढून काम भागत नव्हतं. मूल चार बुकं शिकायचं आणि शेतावर जायचं. घरात छापील कागदाचा कपटाही नाही. काही वर्षांत अक्षरओळख पुसून जायची, आणि शाळेवर झालेला खर्च पाण्यात. शिकलेलं टिकवायचं तर हाताशी पुस्तक हवं, आणि तेही आपल्या भाषेतलं.

अमेरिकेच्या दौऱ्यात महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. 1910 मध्ये त्यांनी तिथूनच विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षं राहिले. राजवाड्यातला महाराजांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाला, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग निघाले. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली.

(पडद्यावर: मध्यवर्ती ग्रंथालय, पोलादी मांडण्या, काचेची जमीन)

बडोद्याचं नाव निघालं की लोक ही इमारत दाखवतात. दाखवण्यासारखी आहेच. मजल्यांची जमीन जाड काचेची. वरचा उजेड खालच्या मांडण्यांपर्यंत झिरपतो. तरी आमच्या मते खरी करामत इथे नाही. ती एका लाकडी पेटीत आहे.

पेटी मजबूत, कुलुपाची. आत साधारण 15 ते 30 पुस्तकं. जिथे वाचनालय नाही अशा गावातल्या शिक्षकाने किंवा कुणा जबाबदार माणसाने मागणी करायची, की पेटी रवाना. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. गावाने वाचून झालं की पेटी परत, आणि दुसरी घ्यायला गाव मोकळं. वाचकाने शहरात यायचं नाही, पुस्तकाने गावात जायचं. आणि ज्यांना वाचताच येत नाही ते? त्यांच्यासाठी चित्रं, जादूचा कंदील म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणारं यंत्र, पुढे चलचित्रं. निरक्षर माणूसही ग्रंथालयाचा धनी आहे, हे त्या काळी कागदावर नव्हे, कारभारात मान्य झालं होतं.

(पडद्यावर: गावातलं वाचनालय, वर्तमानपत्रांचं टेबल)

कायमच्या वाचनालयासाठी हिशेब वेगळा. एक वाटा गावाने वर्गणीतून उभा करायचा, एक पंचायतीने, एक सरकारने. सगळंच फुकट दिलं असतं तर ती सरकारी खोली झाली असती. स्वतःचे पैसे घातले म्हणून ते गावाचं वाचनालय झालं. देशाचा विकास धरणं-रस्त्यांत मोजण्याची आपल्याला सवय आहे. पण नवं बियाणं, रोगाची लस, सावकाराच्या कागदावरचा मजकूर, हे सगळं ज्याला वाचता येतं त्याच्यापर्यंतच नीट पोहोचतं.

तिघांनी मिळून भार उचलायची ही रीत पुढे वेगळ्या रूपात आपल्याकडेही दिसते. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. काही राज्यांत असतो तसा ग्रंथालय कर इथे नाही. गावोगावच्या संस्थांनी वाचनालय चालवायचं, शासनाने अ, ब, क, ड वर्ग ठरवून अनुदान द्यायचं. या जोरावर राज्यात हजारो वाचनालयं उभी राहिली, हे लहान काम नव्हे.

आज त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सकाळपासून अभ्यासिका भरलेली असते. स्पर्धा परीक्षेची पोरं स्वतःचीच पुस्तकं घेऊन येतात. त्यांना हवी असते जागा, पंखा आणि शांतता. तीही ग्रंथालयाचीच सेवा म्हणायची. कथा-कादंबरी घरी नेणारा वर्गणीदार मात्र पातळ झालाय. अनुदानातला निम्मा वाटा पगाराला, तरीही ग्रंथपालाच्या हाती पडतं ते तुटपुंजंच. उरलेल्यात भाडं, वीज, वर्तमानपत्रं. नवी पुस्तकं कशातून घ्यायची, यावर कार्यकारिणीच्या सभेत दर वेळी वाद होतो, आणि शेवटी कुणीतरी सभासद खिशात हात घालतो.