काढलेली गाठ कुठे जाते?

मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलं, "डॉक्टर, गाठ दुखत नाही म्हणजे साधीच ना?" नाही, काकू. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून तर बायका सहा-सहा महिने अंगावर काढतात.

साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ यांतला फरक, या विषयाकडे येतोच, पण आधी एका बरणीबद्दल सांगायचंय. पंधरा वर्षं झाली, अजून डोळ्यांसमोर आहे. तालुक्याच्या गावाहून विशीतला एक मुलगा एसटीने आला. पिशवीत लोणच्याची काचेची बरणी, झाकणाला चिकटपट्टी. आत आईच्या स्तनातून काढलेली गाठ, लिंबाएवढी. झाकण उघडलं आणि वासावरूनच कळलं. बरणीत साधं पाणी होतं आणि ऐन मे महिन्यातले तीन दिवस गेले होते.

शरीराबाहेर आलेल्या तुकड्यातल्या पेशी स्वतःच्याच पाचकरसांनी विरघळू लागतात. त्यांना आहे तसं थांबवायला दहा टक्के फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा टिकवणारं द्रावण, लागतं, तेही गाठीच्या दहापट. पाण्यात पेशी फुगून फुटतात. तरी मी तुकडे मेणात बसवले, काप घेतले, रंगवले. काचेवर नुसतं गुलाबी धुकं, एक केंद्रक धड नाही. रिपोर्टात लिहावं लागलं: निदान करता येत नाही. मुलगा म्हणाला, "सर, गाठ हाताखाली सरकत होती, म्हणून साधीच म्हणाले. टाकूनच देणार होते, मी मागून घेतली." त्या पोराला जे सुचलं ते शस्त्रक्रिया करणाऱ्यांना सुचू नये, याचा राग माझा अजून गेलेला नाही. आपल्याकडे पॅथॉलॉजी, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करण्याचं शास्त्र, नवं नाही हो! मुंबईत टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं. तिथल्या पॅथॉलॉजीची घडी बसवली ती आपल्या डॉ. वसंत खानोलकरांनी.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा आता भराभर सांगतो. साधी गाठ सहसा सावकाश वाढते. तिच्या पेशी मूळच्या पेशींसारख्याच दिसतात. बहुधा भोवती आवरण असतं, ती शेजाऱ्याला ढकलते पण त्याच्या घरात शिरत नाही. म्हणून ती सरकते. पण सुरुवातीला कर्करोगाची गाठही सरकू शकते, तिथेच हात फसतो. कर्करोगाच्या पेशींची केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी असतात, विभाजन भलतंच चालतं. त्या शेजारच्या ऊतीत घुसतात, तिथून रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून काखेत, फुप्फुसात, हाडात जाऊन नवं बिऱ्हाड करतात.

साधी म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. मेंदूच्या आवरणातली मेनिंजिओमा बहुतेकदा साधी असते, पण कवटीत जागाच नसल्यामुळे नुसत्या दाबाने जीव घेऊ शकते. उलट त्वचेचा बेसल सेल कार्सिनोमा हा कर्करोगच, पण दूर पसरणं अगदी विरळा.

दिवे जरा मालवा. पडद्यावर डावीकडे स्तनातली साधी गाठ, फायब्रोअ‍ॅडेनोमा, काठ आखल्यासारखा. उजवीकडे कर्करोग. मधला भाग सोडा, फक्त काठ बघा. चरबीत शिरलेली ती जांभळ्या पेशींची एकेरी रांग दिसली? मागच्यांना दिसत नसेल तर पुढे या, प्रश्नोत्तरं इथे पडद्यापाशीच घेऊ.