न सांगता मिळावे असे संरक्षण

सभागृहात बहुतेक जण वैद्यकीय शिक्षणातलेच आहेत, त्यामुळे प्रस्तावना टाळून, गरोदर निवासी डॉक्टरांच्या संरक्षणाविषयी बोलताना, मी थेट क्ष-किरणांजवळ काम करताना शिशाच्या एप्रनखाली लावायच्या बॅजकडे वळतो. महिना किंवा तिमाही संपली की हा बॅज प्रयोगशाळेत जातो आणि क्ष-किरणांचा किती डोस मिळाला, ते त्यानंतर कळते. गर्भाच्या अवयवांची घडण मात्र मुख्यत्वे गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते, आणि त्या काळात अनेक निवासी डॉक्टरांनी आपल्या गरोदरपणाची बातमी विभागात कोणाच्याही कानावर घातलेली नसते.

माझ्या एका विद्यार्थिनीने धीर करून ती लवकर सांगितली, तेव्हा ‘तुझ्या काळजीपोटी’ असे म्हणत वरिष्ठांनी दुसऱ्याच दिवशी तिचे कॅथ लॅबमध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या साहाय्याने हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार होतात त्या कक्षात, जाणे बंद केले. पुढे तिच्या बॅजचे अहवाल आले आणि त्यांत नोंदवण्याजोगा डोस जवळजवळ नव्हताच; तरीही वर्षाअखेरीस, प्रक्रियांची संख्या कमी भरते या कारणावरून, तिचे प्रशिक्षण लांबवण्यात आले. ज्यांनी तिला दाराबाहेर थांबवले, त्यांनीच तिच्या अनुपस्थितीचा हिशेब मांडला, याचे मला आजही वाईट वाटते. वरिष्ठांच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण हातात एकही आकडा नसताना त्यांनी एवढा मोठा निर्णय घेतला.

गर्भधारणा कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारा अतिरिक्त डोस सुमारे १ मिलिसिव्हर्टच्या (किरणोत्सर्गाचा डोस मोजण्याचे एकक) आत राहावा, अशी आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची शिफारस आहे. इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर, म्हणजे डोस मोजणारे छोटे उपकरण, त्या क्षणीचा डोस तिथल्या तिथे दाखवते. क्ष-किरणांच्या नळीपासून आणि रुग्णापासून पाऊलभर मागे सरले किंवा छताला टांगलेली शिशाची काच पुढे ओढली, की आकडा कसा उतरतो, हे शिकणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. माझा आग्रह असा आहे, की हे उपकरण गरोदर डॉक्टरला वेगळे काढून न देता पहिल्या दिवसापासून प्रत्येक निवासी डॉक्टरला, स्त्री असो वा पुरुष, द्यावे. म्हणजे संरक्षण मिळवण्यासाठी कोणालाही आपले गुपित उघड करावे लागणार नाही, आणि ज्यांना काम सुरू ठेवायचे आहे त्यांच्या बाजूने पुरावाही उभा राहील.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले मुद्दे भराभर सांगतो. ड्यूटीचे वेळापत्रक संगणकाने लावले, तर सलग रात्रपाळ्यांवरची मर्यादा सर्वांसाठी त्यातच घालता येते, आणि जिला अधिक सवलत हवी तिची विनंती कारण न दाखवता नोंदवता येते. त्यामुळे सहकाऱ्यांच्या दारी अदलाबदलीसाठी विनवण्या करण्याची वेळ येत नाही. अनेक शस्त्रक्रियागृहांत भुलीचे वायू ओढून बाहेर टाकणारी यंत्रणा असते. हवेतील प्रमाण मोजणारे संवेदक जोडले, तर ती नीट चालते की नाही हे कळते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव सिम्युलेटरवर, म्हणजे शस्त्रक्रियेची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, बसून करता येतो. अशा सरावाची नोंद मूल्यमापनात किती धरायची, हे परीक्षा मंडळांनी आधीच लेखी ठरवावे, कारण प्रसूतीनंतर परतलेल्या डॉक्टरने प्रत्येक परीक्षकाची स्वतंत्रपणे समजूत घालत बसणे मला मान्य नाही.